तान्ह्या बाळाची कातडी व तिला लावावयाचे पदार्थ

बाळंतिणीच्या घरीं भेटीस गेलों म्हणजे कोनाड्यांत पावडरीचा डबा, तेलाची बाटली व काजळाची डबी बहुधा आमच्या दृष्टीस पडतात. त्या वस्तू प्रेमानें ठेविलेल्या असतात. परंतु प्रेमास ज्ञानाची जोड पाहिजे, म्हणून त्यांचा विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, वजनाच्या मानानें बाळाची कातडी मोठ्या माणसाहून पुष्कळ अधिक असते. म्हणून अंगास लाविलेल्या पदार्थाचा शोषला गेलेला अंश त्यास अधिक बाधतो. कातडी सोललेली असल्यास विशेषच.

पावडर.— सन १९७२ त फ्रान्स देशांत कारखान्यांतील चुकीमुळें बाळांच्या पावडरींत हेक्झाक्लोरोफीन नांवाचें जंतुनाशक शेंकडा सहा इतकें मिसळलें गेलें. दोनशेंहून अधिक बालकें आजारी पडलीं व ३६ दगावलीं. बोरिक पावडरही पूर्वीं जांघेंतील सोललेल्या जागीं लावीत. ती रक्तांत उतरून कित्येक बालकें मेलीं. ती मुळींच लावूं नये. साधी पावडरही श्वासाबरोबर फुप्फुसांत जाते. तिच्यावांचून बाळाचें कांहीं अडत नाहीं. जांघ धुऊन, हलकेच टिपून कोरडी ठेवावी.

काजळ व सुरमा.— विकतच्या कित्येक सुरम्यांत व काजळांत शिसें असतें, व शिसें वाढत्या मेंदूस अपाय करितें. घरच्या काजळाचें बोटही डोळ्यांत जंतू नेतें.

तेल.— मोहरीचें तेल कातडीचा वरचा थर दुर्बळ करितें, असें प्रयोगांत आढळलें आहे. शुद्ध खोबरेल हलक्या हातानें लावावें. मात्र नाकाकानांत घालूं नये.

नाळ.— तिला राख, शेण किंवा हळद कांहींच लावूं नये. शेणामातींतून धनुर्वाताचे जंतू शिरतात. ती स्वच्छ व कोरडी ठेवावी.

कोणी म्हणेल, "आमच्या आजीनें हें सर्व लाविलें; आम्हांस काय झालें?" बंधुभगिनींनो, ज्या बाळांस बाधलें तीं हें सांगावयास उरलीं नाहींत, जीं जगलीं तींच बोलतात.

उपदेशक बंधूंस आमची विनंती अशी कीं, हा पाठ तरुण आईसच नव्हे, तर न्हाऊं घालणाऱ्या आजीबाईंसही आदरपूर्वक वाचून दाखवावा. कारण डबी बहुधा त्यांच्याच हातीं असते. अंगावर पुरळ उठल्यास, किंवा बाळ सुस्त पडून दूध पिईनासें झाल्यास, लाविलेल्या वस्तूचा डबा बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गांठावा.