भीमेच्या खोऱ्यातील शिलावर्तुळे

इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु ज्यांना लिहिता येत नव्हते, त्या माणसांनीही आपला इतिहास मागे ठेवला आहे. तो अक्षरांत नसून दगडांत आहे.

आपल्या दुबलगुंडीच्या दक्षिणेस भीमा वाहते. तिच्या काठी, फिरोजाबादजवळील जेवर्गी येथे कर्नल मेडोज टेलर यांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी प्राचीन दफनभूमीचा शोध घेतला व १८५१ च्या सुमारास त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दगडांच्या वर्तुळाखाली माणसांच्या अस्थी व मडकी पाहून त्यांना युरोपातील तशाच अवशेषांची आठवण झाली. त्याहून दक्षिणेस, शहापूरजवळ विभूतिहळ्ळी येथे तर मोठमोठे धोंडे सरळ ओळींत मांडलेले आहेत. त्या ओळींचा सूर्याच्या उदयास्ताशी संबंध असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

विदर्भात अशी स्थळे पुष्कळ आहेत. नागपूरजवळील जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. मृताच्या अस्थींशेजारी काळी-तांबडी मडकी व लोखंडी हत्यारे ठेवीत, त्यावर माती-मुरूम व गोटे रचीत आणि सभोवती धोंड्यांचे कडे करीत. माहुरझरी येथे १९७० नंतरच्या उत्खननात घोड्याचे सांगाडे व त्याचे तांब्याचे अलंकारही मिळाले. धन्यासोबत त्याच्या घोड्यालाही मान देणारे ते लोक होते.

दगड टिकतो; लाकूड कुजते. मग लाकडी बांधकाम कसे ओळखावे? खांब कुजला तरी त्याची खाच राहते. तीत निराळ्या रंगाची भुसभुशीत माती भरते आणि जमीन खरवडली असता तिथे गोल डाग दिसतो. भीमेला मिळणाऱ्या घोडनदीकाठी इनामगाव येथे १९६८ पासून झालेल्या उत्खननात अशा डागांवरूनच तीन हजार वर्षांपूर्वीच्या गोल झोपड्या ओळखता आल्या. इंग्लंडमध्ये एव्हन नदीच्या खोऱ्यात १९२५ साली विमानातून पाहताना पिकात काळसर ठिपक्यांची कडी दिसली. खणल्यावर तेथे लाकडी खांबांची एकात एक अशी सहा अंडाकृती कडी होती, असे कळले. तो सोहळ्याचा मांडव सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा होय.

तथापि दगडालाही एक शत्रू आहे, तो म्हणजे माणूस. रस्त्याच्या खडीसाठी अथवा बांधासाठी एक धोंडा उचलला, की वर्तुळ तुटते. आणि खड्डा कुतूहलाने उकरला, की कोणती वस्तू कोठे होती हे पुन्हा कधीच कळत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, माळावर गोल मांडलेले धोंडे दिसले तर त्यांना हात लावू नका. पावलांनी अंतर मोजा, वहीत नकाशा काढा आणि आपल्या गुरुजींना दाखवा. ज्यांनी आपल्या आप्तांसाठी एवढे धोंडे वाहून आणले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांची आठवण राखणे मात्र आपल्या हाती आहे.