हैदराबादच्या चिक्कडपल्लीत प्रेप घ्यायची तर खर्च किती?

एचआयव्हीची लागण नसलेल्या माणसाने ती होऊ नये म्हणून घ्यायची गोळी म्हणजे प्रेप. रोज न चुकता घेतली तर लैंगिक संबंधांतून लागण होण्याचा धोका सुमारे 99 टक्क्यांनी कमी होतो. तीस गोळ्यांची डबी, कंपनी आणि दुकान पाहून, साधारण दीड ते अडीच हजारांत येते. दोन हजार धरले तर दिवसाला 67 रुपये.

पहिल्या महिन्यात तपासण्यांची भर पडते. डॉक्टरची फी पाचशेच्या आसपास, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन दीडशे ते तीनशे, हेपॅटायटिस बी तीनशे ते पाचशे. एचआयव्ही चाचणीला मात्र पैसे मोजू नका. चिक्कडपल्लीहून मेट्रोने तिसरं स्टेशन गांधी हॉस्पिटल. तिथे ती फुकट आणि गुप्त होते. पुढे दर तीन महिन्यांनी ती करायचीच. लागण झालेली असताना नुसत्या प्रेपवर राहिलात तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

संबंध अधूनमधूनच येत असतील तर सगळ्यांनाच रोजची गोळी लागत नाही. समलिंगी पुरुषांसाठी दुसरी पद्धत आहे: संबंधाच्या 2 ते 24 तास आधी दोन गोळ्या, त्या पहिल्या मात्रेनंतर 24 तासांनी एक, 48 तासांनी आणखी एक. चार गोळ्या, पावणेतीनशे रुपयांच्या आत. हेपॅटायटिस बी असेल तर ही पद्धत चालत नाही. प्रेप गुप्तरोगांपासून वाचवत नाही, तेव्हा निरोधचा खर्च वाचला असं समजू नका.

दुकानात डबीवर ‘टेनोफोव्हिर 300, एमट्रिसिटाबिन 200’ हे वाचूनच पैसे द्या. मिळत्याजुळत्या नावांची वेगळी औषधं त्याच फळीवर असतात. डॉक्टरची चिठ्ठी लागतेच.

खरी अडचण पुढे, खोलीवर. अशोकनगरच्या हॉस्टेलात एका खोलीत तिघं, आणि तिघांकडे गुगल. याच औषधांचा उपयोग एचआयव्हीच्या उपचारातही होतो, त्यामुळे ‘याला झालाय’ हा निष्कर्ष मिनिटभरात निघतो. आपल्या समलिंगी मंडळींतलेही काही कमी नाहीत: गोळी घेणारा म्हणजे वाट्टेल तिथे जाणारा, हे टोमणे बाहेरचे मारत नाहीत. म्हणून कोणी गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ओततो. तसं करू नका, मूळ डबीतली ओल शोषणारी पुडी गोळ्यांसोबतच हवी. लेबल खुशाल सोला.

न बिचकता बोलता येईल अशी जागा शेजारीच नारायणगुड्यात होती. 2021 साली मुख्यतः तृतीयपंथीयांसाठी निघालेलं ‘मित्र’ क्लिनिक 2025 च्या सुरुवातीला अमेरिकी मदत थांबताच बंद पडलं. पुढे टाटा ट्रस्टच्या आधाराने ‘सबरंग’ नावाने पुन्हा सुरू झालं. जाण्याआधी पत्ता, वेळ आणि दर विचारून घ्या.

वर्षाला दोनच इंजेक्शनं लागणारं लेनाकापाविर हे औषध येऊ घातलंय. हेटेरो आणि डॉ. रेड्डीज या दोन्ही हैदराबादच्याच कंपन्या 2027 पासून ते 120 देशांसाठी वर्षाला सुमारे 40 डॉलरांत देणार आहेत. त्यासाठी आजची गोळी लांबणीवर टाकू नका. आणि धोका होऊनच गेला असेल तर प्रेपचा हिशेब बाजूला ठेवा: 72 तासांच्या आत, खरं तर त्याच रात्री, सरकारी इस्पितळ गाठून पेप, म्हणजे धोक्यानंतर घ्यायचं औषध, मागा. ते 28 दिवस घ्यावं लागतं. कुठे जायचं कळेना तर 1097, हा फोन फुकट आहे.