प्रवासात आठव, घरी वाच

पालघर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

वहिनीचा फोन आला होता. बोईसरहून पहाटेची लोकल, विरारला गाडी बदलायची, पुढे मुंबईचं नर्सिंग कॉलेज, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. "ताई, एवढा वेळ वाया जातो. गाडीत वाचत जा म्हणून तुम्ही तरी सांगा तिला," असं ती म्हणाली. मी वेगळंच सांगणार आहे. गाडीत वाचू नकोस. वाचायचं ते घरी. वाचलेलं गाडीत आठवायचं.

पण त्याच्याही आधी झोप. पहिल्या वर्षाच्या मुली झोपेतून वेळ काढतात आणि वॉर्डात डोळे चोळत उभ्या राहतात. पेंगुळलेल्या नर्सच्या हातून औषधाचा डोस चुकू शकतो, म्हणून झोप हा आपल्याकडे कामाचाच भाग धरायचा. रात्री अभ्यास लांबला असेल तर सकाळी बसायला मिळाल्याबरोबर सरळ डोळे मीट, मनाला टोचणी लावून घेऊ नकोस. परतीला झोपलीस तर सफाळ्याचा गजर लाव. नाहीतर बोईसर निघून जाईल आणि वाणगावला जाग येईल.

आता आठवण्याचं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कारपिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ६१ टक्के. परीक्षा आणि पेशंट दोन्ही पाच मिनिटांनी येत नाहीत, हे तुला सांगायला नको.

म्हणून रात्री झोपताना हातात मावेल अशा कागदावर चार-पाच प्रश्न लिहून ठेव. फक्त प्रश्न, उत्तरं नाहीत. बोईसर ते विरार बसायला मिळालं तर एकेक प्रश्न घे आणि मनात पूर्ण उत्तर दे. अडलं तर त्यावर खूण कर, संध्याकाळी घरी पुस्तक उघड. उत्तर अर्धवट येतं तेव्हा चिडचिड होते, होऊ दे. तेवढ्यानेच ते पक्कं होतं.

विरारनंतर उभं राहायलाही धड जागा नसते. तिथे कागद नको आणि मोबाईलही नको. तिथे तोंडी हिशेब कर. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं आहे आणि सेटमधून मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती? हजार गुणिले वीस, भागिले ४८०. म्हणजे ४२ थेंब. तेच सहा तासांत द्यायचं असेल तर ५६. रोज आकडे बदल. वॉर्डात पेशंटचे नातेवाईक भोवती उभे असताना कागद शोधायची वेळ येऊ नये.

भाजलेल्या पेशंटचा नऊचा नियमही असाच उभ्याने घोक. मोठ्या माणसाचं डोकं-मान ९ टक्के, एकेक हात ९, एकेक पाय १८, पुढचं धड १८, पाठ १८, जननेंद्रियाचा भाग १. बोईसरच्या मुलीला हा नियम जास्तच चांगला यायला हवा. तारापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे, रंगांचे, औषधांचे कारखाने आहेत. तिथला कामगार उद्या तुझ्यासमोर आला तर "काय दुखतंय" याबरोबर "काम काय करता, कशाचा संपर्क आला" हेही विचारायची सवय आत्ताच लावून घे.

आणि डब्यातली माणसं बघ. श्वास मोजताना पेशंटला ते कळू द्यायचं नाही, नाहीतर त्याची लय बदलते, हे तू शिकली आहेस. समोर एखादी बाई झोपली असेल तर टक लावून न बघता, घड्याळावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोज. मोठ्या माणसाचे विश्रांतीत १२ ते २० भरतात. आईच्या कुशीत बाळ असेल तर आकडे वेगळे: २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त झाले, आणि त्याला खोकला असेल, तर तो न्यूमोनियाचा इशारा. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आरोग्य सेविका हेच मोजते. तिथेच सहा महिन्यांपुढच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावून माप घेतात; पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित धरतात. हे आकडे तू मुंबईत पाठ करशील, पण त्यांची गरज तुझ्या स्वतःच्या जिल्ह्यात आहे.

त्याच डब्यात भाषाही ऐक. भाजीवाल्या, मासळीवाल्या, वारली बायका, कामाला आलेल्या बिहारच्या, ओडिशाच्या मुली, सगळ्या आपापल्या बोलीत दुखणं सांगत असतात. पुस्तकात लक्षणं नीट क्रमाने येतात. बाई मात्र आधी सासूचं सांगते, मग पाठीचं, आणि ताप सगळ्यात शेवटी. मध्ये न तोडता ऐकायचं कसब वर्गात शिकवून येत नाही.

परतीच्या वेळी डोकं दमलेलं असतं. तेव्हा प्रश्नांचा कागद काढू नकोस. दिवसातला एकच पेशंट मनात आण: त्याला काय झालं होतं, मी काय केलं, सिस्टरनी काय केलं, मला काय कळलं नाही. घरी आल्यावर चार ओळी लिही. केअर प्लॅन लिहायला बसशील तेव्हा कोऱ्या पानाची भीती वाटणार नाही.

मात्र हे मनातच. मैत्रिणीशी बोलतानासुद्धा पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर, आजार काही तोंडातून जाऊ द्यायचं नाही. आपला पट्टा लहान आहे. केळव्याच्या पेशंटची मावसबहीण तुझ्या शेजारीच बसलेली असेल. पेशंटचा विश्वास आपल्याच माणसांच्या चर्चेत जातो, आणि गेला की परत मिळत नाही.

बाकीचं थोडक्यात. युनिफॉर्म घालून प्रवास करू नकोस. वेगळ्या पिशवीत ने, कॉलेजात बदल आणि वापरलेला धुवायच्या कपड्यांत वेगळा ठेव. घरात शिरल्यावर आधी साबणाने हात. प्लॅटफॉर्मवर कानात इअरफोन नको. रूळ ओलांडायचे नाहीत, पुलावरूनच जायचं, गाडी सुटली तरी. पावसाळ्यात वसई-विरारला पाणी भरून गाडी अडली तर आधी वर्गशिक्षिकांना कळव, मग घरी. आणि ज्या दिवशी काही म्हणता काही जमणार नाही त्या दिवशी खिडकीतून बाहेर बघत जा. तेही चालतं.

आमच्या वेळी विरारच्या पुढे लोकलच नव्हती. ती डहाणूपर्यंत आली एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर भिस्त असायची. तरीही या पट्ट्यातल्या मुली शिकल्या आणि नर्स झाल्या. त्यांनी जास्त वेळ दिला म्हणून नव्हे. दमल्या की झोपल्या, आणि जागेपणी जे आलं नाही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं म्हणून.

तू सगळं एकदम सुरू करू नकोस. या आठवड्यात फक्त प्रश्नांचा कागद. तो अंगवळणी पडला की पुढचं. वहिनीला सांग, वेळ वाया जात नाही.

तुझी,
आत्या