खाली सही करणारा

वारंगा फाट्याकडची हळद हिंगोलीच्या मोंढ्यात जाते. तिथे व्यापारी काय करतो? हळकुंड हातात घेतो. मोडून आतला रंग पाहतो. मग भाव बोलतो. न पाहता बोलला, तर तो बुडालाच म्हणा!

विमा कंपनीतही असाच एक पारखी असतो. त्याला अंडररायटर म्हणतात. एजंट आपल्या घरी येतो. पारखी येत नाही. तो दूर कचेरीत बसून आपला अर्ज वाचतो. वय किती, धंदा काय, आजार कोणता, हे पाहतो. मग ठरवतो की विमा द्यावा का, आणि हप्ता किती घ्यावा. धोका जास्त, तर हप्ता जास्त.

अंडररायटर म्हणजे 'खाली सही करणारा'. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये लॉईड नावाच्या माणसाचे कॉफीचे दुकान होते. तिथे जहाजांचे विमे होत. कागदावर जहाजाची माहिती असे. त्याखाली पैसेवाले लोक 'एवढी जोखीम माझी' असे लिहून सही करीत. त्यावरून हे नाव पडले.

ही पारख न्यायाने व्हावी लागते. एके काळी परदेशी कंपन्या भारतीय माणसाकडून जादा हप्ता घेत. 1870 साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली. तिने आपल्या लोकांचे विमे नेहमीच्या दराने उतरवले.

पारख्याने न्यायाने वागावे, तसे आपणही खरे सांगावे. आणि सांगितलेले कागदावर उतरले का, तेही पाहावे.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला साखरेचा आजार होता. त्याने एजंटाला तसे सांगितले. एजंट म्हणाला, "काका, ते लिहिलं तर हप्ता वाढेल. तुम्ही नुसती सही करा." त्याने न वाचता सही केली. दुसऱ्याच वर्षी तो वारला. त्याची बायको कागद घेऊन माझ्याकडे आली. "गुरुजी, ह्यात काय लिहिलंय, वाचून सांगा." आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिले होते. खाली सही त्याचीच होती. कंपनीने भरलेले हप्ते तेवढे परत केले. विम्याची रक्कम दिली नाही.

"त्यांनी खरं सांगितलं होतं हो!" ती माउली म्हणाली. पण पारख्याने ते बोलणे ऐकलेच नव्हते. त्याच्यापुढे फक्त कागद होता.

आयुर्विम्याला तीन वर्षे झाली, की कंपनीला अशी हरकत घेता येत नाही. पण मरण काय तीन वर्षे थांबते?

म्हणून हे लक्षात ठेवा. कोऱ्या अर्जावर सही करू नका. प्रत्येक रकाना स्वतः वाचा. आजार लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, पण विमा पक्का होईल. पॉलिसीबरोबर अर्जाची नक्कल येते. तीही वाचा. चूक दिसली, तर लगेच लेखी कळवा.

तुम्ही आता वाचायला शिकलात. मग खाली सही करण्याआधी वरचे वाचा.

प्रश्न
1. अंडररायटर काय पाहतो?
2. शेतकऱ्याने खरे सांगितले होते. मग रक्कम का मिळाली नाही?
3. तुमच्या घरी पॉलिसी आहे का? तिच्यातला अर्ज आज घरच्यांना वाचून दाखवा.