बोलीवरून पटते ओळख

बायबल वाचन : मत्तय २६:६९-७५, शास्ते १२:१-६, प्रेषितांची कृत्ये २:१-११



महायाजकाच्या वाड्यात पेत्राने प्रभू येशूला तीन वेळा नाकारले, हे आपण दर वर्षी पवित्र आठवड्यात ऐकतो. त्या प्रसंगातील एक लहानशी गोष्ट मात्र आपल्या कानावरून निसटून जाते. भोवती उभ्या असलेल्या लोकांनी पेत्राला ओळखले ते त्याच्या बोलण्यावरून. गालिलीकरांचा हेल यरुशलेमकरांच्या कानाला वेगळा लागत असे. 'मी त्याला ओळखत नाही,' असे पेत्र सांगत होता आणि त्याची बोली तो कुठला हे उघड करीत होती.

माणसाच्या ओळखीत भाषेचे स्थान काय, आणि श्रद्धेशी तिचे नाते काय, याचा आज थोडा अभ्यास करू.

१. बोली म्हणजे घर

प्रभू येशूची घरची भाषा अरामी होती. सभास्थानात धर्मशास्त्र हिब्रूत वाचले जाई. मार्कने शुभवर्तमान लिहिले ते ग्रीक भाषेत. तरीही याईराच्या मुलीला प्रभूने हाताला धरून उठवले, त्या वेळचे त्याचे अरामी शब्द मार्कने जसेच्या तसे ठेवले व पुढे त्यांचा अर्थ दिला (मार्क ५:४१). मायेचा शब्द हा घरच्या भाषेतला असतो, हे आपणही अनुभवतो. आजारी लेकराच्या उशाशी बसलेली आई पुस्तकी भाषेत बोलत नाही.

आपल्याकडे 'कुठं जायलास?' असे विचारतात. शिकायला पुण्या-मुंबईला गेलेली आपली मुले पहिल्या महिन्यातच ही बोली लपवायला शिकतात, कारण कोणीतरी हसलेले असते. प्रमाण मराठी जरूर शिकावी. परीक्षेला, अर्जाला, नोकरीला ती लागते. पण ज्या बोलीत आजीने क्रुसाची खूण शिकवली, तिची लाज वाटू लागली तर हळूहळू आजीचीही लाज वाटू लागते.

२. भाषेची भिंत होते तेव्हा

बायबल या विषयाची काळी बाजूही लपवत नाही. शास्ते या पुस्तकात यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोक पळून आलेल्यांना एक शब्द उच्चारायला लावतात. ज्याला 'श' म्हणता येईना व जो 'स' म्हणाला, तो एफ्राइमी ठरला आणि मारला गेला. एका अक्षरावर माणसाचा जीव ठरला.

इतिहासातही हे घडले आहे. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मावले. सत्ता ख्रिस्ती म्हणवणारी होती, आणि त्यात ख्रिस्ताचा आत्मा नव्हता, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यानेही राज्याची भाषा एक आणि घरची दुसरी, असा काळ पाहिला आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. दोष उर्दूचा नव्हे. तीही गोड भाषा आहे. पण चुलीजवळची भाषा कचेरीत गेली की मुकी होते, तेव्हा सामान्य माणूसही मुका होतो. तरीही मराठी टिकली, कारण ती जात्यावर, भजनात, बाजारात बोलली जात राहिली.

३. जानेवारी २०२० : उस्मानाबाद

हाच प्रश्न आपल्या दारात उभा राहिला तो अलीकडे. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हे पद भूषविणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांची एकमताने निवड होताच आक्षेप घेतला गेला : ख्रिस्ती धर्मगुरू मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा? संमेलनाचे उद्घाटक कवी ना. धों. महानोर यांनी तेथे जाऊ नये, असे पत्रही त्यांना आले.

हा प्रश्न एका माणसापुरता नव्हता. तो तुम्हा-आम्हा प्रत्येकाला होता : तुम्ही ख्रिस्ती, मग तुम्ही मराठी कसे?

उत्तर फादरांच्या आयुष्यात होते. ४ डिसेंबर १९४२ रोजी वसईतील नंदाखाल येथे त्यांचा जन्म झाला. ते सामवेदी बोली बोलणाऱ्या समाजातले. १९८३ ते २००७ पर्यंत त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी ते रस्त्यावर उतरले. त्यांनी सिद्ध केलेल्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. संमेलनाला ते पाठदुखीमुळे चाकांच्या खुर्चीवरून आले. महानोरही आले. संमेलन पार पडले.

संमेलनाच्या नगरीला नाव होते संत गोरोबाकाकांचे, आपल्याच जिल्ह्यातील तेर गावच्या कुंभाराचे. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोण कच्चे, कोण पक्के हे पाहिले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. मडके आवाजावरून पारखतात. ते कोणत्या घरी पाणी भरणार, हे कुंभार विचारत नाही. फादरांची मराठीही अशीच तपासून घ्यावी. तिचा नाद पक्का होता. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूच्या घरी गेले.

४. हे नाते जुनेच आहे

फादर दिब्रिटो या वाटेवरचे पहिले नव्हते. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्यांनी रचले. ते १६१६ साली छापले गेले. ओवीत प्रभूची कथा सांगितली तर ती लोकांच्या काळजात उतरेल, हे त्यांनी ओळखले. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या कवितेला आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ला वगळून मराठी साहित्याचा इतिहास लिहिता येणार नाही.

ख्रिस्तसभेनेही हीच वाट मोकळी केली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लोकभाषेला पवित्र मिस्सामध्ये स्थान मिळाले. आज वेदीवरून मराठी ऐकताना आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. आपल्या आजी-आजोबांनी मात्र लॅटिनमधील मिस्सा ऐकली होती.

५. आपल्याकडे काय मागितले आहे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आहे. पण भाषा दर्जावर जगत नाही. ती जेवणाच्या पाटावर जगते. 'आम्हीही मराठी आहोत,' असे आपण बाहेर ठासून सांगतो. घरात मात्र, मुलाला 'हे आमच्या बापा' मराठीतून पूर्ण म्हणता येत नाही आणि आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही, असे होऊ नये. इंग्रजीने पोट भरावे, जग पाहावे. तिच्याशी वैर नाही. पण दुःखात तोंडून निघणारी प्रार्थना मुलाला कोणत्या भाषेत सापडणार, याचा विचार आईवडिलांनी करावा.

दुसरी गोष्ट. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांना एकच भाषा बोलायला लावली नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. आपल्या जिल्ह्यात तांड्यावर गोरमाटी, मोहल्ल्यात दखनी, सीमेकडच्या गावांत कन्नड कानी पडते. आपल्या बोलीला मान मिळावा असे वाटत असेल, तर शेजाऱ्याच्या बोलीला आपण हसता कामा नये. ज्यांच्याकडे पाहून 'तुम्ही आमचे कसे?' असे विचारले गेले, त्यांनी तो प्रश्न दुसऱ्याला विचारू नये.

चिंतनासाठी प्रश्न

१. आमच्या घरी कुटुंबप्रार्थना कोणत्या भाषेत होते? मुलांना तिचा अर्थ समजतो का?
२. कोणाच्या बोलीवरून मी त्याची थट्टा केली आहे का? त्याच्याकडे क्षमा मागितली का?
३. पेत्राच्या बोलीवरून तो येशूबरोबरचा आहे हे लोकांना कळले. माझ्या बोलण्यावरून, त्यातील प्रेमावरून व खरेपणावरून, मी कोणाचा आहे हे शेजाऱ्यांना कळते का?

या आठवड्यात : घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणची एखादी प्रार्थना किंवा गीत म्हणायला सांगावे आणि मुलांनी ते वहीत उतरून घ्यावे.

प्रार्थना : हे प्रभो, तू आमच्या घरच्या भाषेत आम्हाला हाक मारतोस. आमच्या जिभेवर सत्य ठेव, आणि दुसऱ्याची बोली ऐकायला आम्हाला कान दे. आमेन.