नोंदींच्या आरशांत एक प्रवासिनी

दूरदेशीं फिरून आलेल्या पूर्वजाची हकीकत ऐकण्याची आवड सर्वांनाच असते. अशी हकीकत बहुधा तोंडोतोंडीं चालत आलेली असते. एक पिढी ती दुसरीच्या हवालीं करिते, आणि दुसरी ती खरी मानून तिसरीला देते. परंतु तींत खरें किती व खोटें किती, हें ठरवावें कसें? आमच्या मतें त्या त्या काळीं लिहून ठेविलेल्या नोंदी हेंच त्याचें मुख्य साधन होय. तें साधन कसें वापरावें, हें एका उदाहरणावरून विद्यार्थिमित्रांस दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरण व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील एका बाईचें आहे. तिची कीर्ति परदेशांत झाली, तरी तिचा जन्म आपल्या महाराष्ट्रांतलाच आहे.

ह्या बाईचें नांव अ‍ॅना लिओनोवेन्स. सयाम, म्हणजे आजचें थायलंड, तेथील राजा मॉंगकुट ह्याच्या राजवाड्यांत १८६२ पासून १८६७ पर्यंत तिनें राजपुत्रांस, राजकन्यांस व राजस्त्रियांस इंग्रजी शिकविलें. पुढें अमेरिकेंत जाऊन तिनें १८७० व १८७३ सालीं त्या दरबाराविषयीं दोन पुस्तकें प्रसिद्ध केलीं. नंतर ती कॅनडांत राहिली. तेथें हॅलिफॅक्स शहरीं १८८७ सालीं जी कलाशाळा निघाली, तिच्या संस्थापकांत ही एक होती. १९१५ च्या जानेवारींत मॉंट्रियल येथें तिचा अंत झाला. पुढें मार्गारेट लॅंडन ह्या लेखिकेनें १९४४ सालीं तिच्या चरित्रावर कादंबरीवजा पुस्तक लिहिलें, व १९५१ सालीं त्यावरून झालेल्या संगीत नाटकानें तिचें नांव जगभर झालें.

स्वतःविषयीं ती सांगत असे तें असें : आपला जन्म १८३४ सालीं वेल्स प्रांतांत कार्नार्व्हन येथें झाला, माहेरचें नांव क्रॉफर्ड, वडील लष्करांत कॅप्टन होते, पंधराव्या वर्षीं आपण प्रथम हिंदुस्थानांत आलों, पति मेजर होते व सिंगापुरास वाघाच्या शिकारीनंतर ऊन लागून ते वारले. मुलानातवंडांनीं हें सर्व खरें मानिलें, आणि तिच्या नातीनें जपलेल्या कागदांच्या आधारें लिहिणाऱ्या लॅंडनबाईंनींही तें स्वीकारलें. तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षें होत आलीं, तरी त्या हकीकतीस फारसा धक्का लागला नाहीं.

पुढें ब्रिस्टो नांवाचे एक इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनाचा मुलगा लुई ह्याचें चरित्र लिहावयास बसले. ह्यांचा मूळ विषय जाळें विणणारे कोळी. लुईचा जन्म लंडनास झाला असें अ‍ॅना सांगे, म्हणून त्यांनीं तेथील जन्माचा दाखला शोधिला, तो मिळेना. येथेंच संशयास वाट मिळाली. मग त्यांनीं हिंदुस्थानविषयक जुन्या दप्तरांकडे मोर्चा वळविला. कंपनी सरकारच्या अमदानींत मुंबई इलाख्यांतील ख्रिस्ती लोकांचे बाप्तिस्मे, विवाह व दफनें ह्यांच्या नोंदींच्या नकला लंडनास पाठवीत असत. त्या आतां ब्रिटिश लायब्ररींत आहेत. ब्रिस्टो ह्यांचें पुस्तक १९७६ सालीं निघालें, आणि मागून आलेल्या संशोधकांनीं ह्याच वाटेनें पुढें जाऊन बहुतेक सर्व चरित्र उलगडलें.

ह्या नोंदींवरून असें दिसतें कीं, अ‍ॅना १८३१ च्या नोव्हेंबरांत अहमदनगर येथें, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या गांवीं, जन्मली. तिचें नांव अ‍ॅन हॅरिएट एमा एडवर्ड्स. बाप टॉमस एडवर्ड्स हा मूळचा सुतारकाम करणारा. तो मुंबईच्या सॅपर्स पलटणींत सार्जंट होता, व मुलीच्या जन्मापूर्वीं सुमारें तीन महिने वारला. आईनें पुढें डोनोहो नांवाच्या आयरिश शिपायाशीं पुनर्विवाह केला. १८४९ सालीं नाताळच्या दिवशीं पुणें येथें अ‍ॅनाचा विवाह झाला. वर टॉमस लिऑन ओवेन्स हा मेजर नसून साधा कारकून होता. त्याचें मधलें नांव व आडनांव जोडून पुढें 'लिओनोवेन्स' हें आडनांव झालें.

त्यानंतरचा माग तीन देशांतून जातो. पहिली मुलगी सतरा महिन्यांची होऊन वारली. १८५२ सालीं हें जोडपें सिंगापुरावरून ऑस्ट्रेलियास निघालें. वाटेंत जहाजावर मुलगा झाला. तोही दुसऱ्या वर्षीं गेला. मार्च १८५३ मध्यें तीं पश्चिम ऑस्ट्रेलियांत पोंचलीं, आणि एव्हिस व लुई हीं दोन मुलें १८५४ व १८५६ सालीं तेथेंच झालीं, लंडनास नव्हेत. पुढें कुटुंब पेनांगास आलें. तेथें १८५९ च्या मे महिन्यांत नवरा मस्तकांत रक्तस्राव होऊन वारला. त्याचें दफनही तेथेंच झालें.

तर मग ही बाई केवळ लबाड होती काय? असा निकाल देण्यापूर्वीं आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करितों. वयाची अठ्ठाविशी गांठली नाहीं तों विधवा झालेली, पदरीं दोन मुलें, पैसा नाहीं व पाठीराखा नाहीं. त्या काळच्या इंग्रज समाजांत बराकींत जन्मलेल्या शिपायाच्या पोरीस सभ्य घरचीं मुलें शिकविण्यास कोण ठेविता? दुसरी एक गोष्ट तिला याहूनही जड होती. तिच्या आईचा बाप मुंबईच्या सैन्यांत लेफ्टनंट होता. त्याचें नांव व हुद्दा दप्तरांत आहे. परंतु आजीचें नांव संशोधकांस कोठेंही मिळालें नाहीं, आणि त्यावरून ती हिंदी किंवा मिश्र वंशाची असावी असें अनुमान ते करितात. हें उघड होतें तर त्या समाजाचीं दारें तिला बंद झालीं असतीं. तिनें सांगितलें तें खोटें होतें खरें. पण तें सांगण्यास भाग पाडणारा वर्णाचा व हुद्द्याचा अभिमान तिनें निर्माण केला नव्हता. शिवाय दप्तरानेंही सर्वांस सारखा न्याय दिला नाहीं. ज्यानें लेफ्टनंटाचें नांव जपलें, त्यानेंच त्याच्या सहचारिणीस निनांवी ठेविलें.

ह्यावरून आम्ही कांहीं नियम काढितों. घरची कथा प्रथम जशीच्या तशी लिहून घ्यावी. ती टाकूं नये व एकदम मानूंही नये. मरणापासून जन्माकडे एकेक पायरी मागें जावें. प्रत्येक नोंद कोणीं, केव्हां व कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हें विचारावें, आणि एका साक्षीवर न थांबतां दुसरी शोधावी. जेथें नोंद मुकी आहे, तेथें कोणास मुकें केलें गेलें हेंही पाहावें.

हीं साधनें आपल्याही घराजवळ आहेत. शाळेचें जनरल रजिस्टर, गांवचें जन्ममृत्यूचें पुस्तक, देवळांतील बाप्तिस्म्याची वही, जमिनीचे फेरफार, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, हीं सर्व आमच्या पूर्वजांविषयीं कांहींना कांहीं सांगतात. सुटींत घरीं गेल्यावर विद्यार्थ्यांनीं आपल्या पणजीचें माहेरचें नांव विचारून पाहावें. पणजोबांचें नांव बहुतेकांस ठाऊक असतें. पणजीचें नांव कोणास सांगतां आलें नाहीं, तर शोधाचा आरंभ तेथूनच करावा.