हिशेब लिहिण्याचा धंदा : आधी एक दुकान, मग लॅपटॉप

मैत्रिणींनो, टॅलीचा क्लास केलेल्या मुली-सुना आता आपल्या बहुतेक गावांत आहेत. प्रमाणपत्र फाईलमध्ये असतं आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, गटातून कर्ज उचलून लॅपटॉप घेऊ का? घरबसल्या दुकानदारांचे हिशेब लिहीन." धंदा चांगला आहे. पण कर्ज आधी नको. दुकानदार तुम्हाला पैसे देणार ते त्याचा प्रत्येक कागद वेळेवर नोंदला जाण्याचे, तारीख न चुकण्याचे आणि त्याची गोष्ट बाहेर न फुटण्याचे. हे तीन जमतंय का ते आधी एका दुकानावर बघायचं. लॅपटॉप कुठे पळून जात नाही.

गिऱ्हाईक कोण ते आधी बघू. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि बिल फाडून मोकळं होण्याचे दिवस संपले. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याची वर्षाची उलाढाल साधारण ४० लाखांच्या वर गेली, किंवा सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या वर गेली, की नोंदणी घ्यावी लागते. कृषी सेवा केंद्र, सिमेंट-लोखंडाचं दुकान, हार्डवेअर, छोटे ठेकेदार हे यात येतात. त्याखालच्या दुकानदाराला कायद्याने नोंदणी लागत नसली, तरी बँकेत कर्जाला गेला की साहेब पहिल्यांदा हिशेबच मागतात. तिसरं गिऱ्हाईक आपल्या घरातलंच आहे, महिलांच्या उत्पादक कंपन्या. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेने हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरलं, तर १ एप्रिल २०२३ पासून ते असं असावं लागतं की केलेली नोंद नंतर कोणी बदलली तर कधी, काय बदललं याची खूण राहते. म्हणजे तिथे जाणकार बाई लागणारच.

आता मुख्य पाठ. आपल्यापैकी जिने गटाचं दप्तर लिहिलं आहे, तिला कीर्द, खतावणी नवीन नाही. टॅलीत कीर्द म्हणजे कॅश बुक, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स आणि ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. पण एक जागा अशी आहे जिथे दप्तर लिहिणाऱ्या हुशार बायकाही अडखळतात. आपल्या कीर्दीत दोनच बाजू असतात, जमा आणि खर्च. रोकड आली की जमा, गेली की खर्च. टॅली एवढ्यावर भागत नाही. ते विचारतं, आलेले पैसे कशाचे आणि गेलेले कशापायी?

उदाहरण घ्या. दहा जणींची बैठक झाली. प्रत्येकीची २०० रुपये बचत, म्हणजे २,००० आले. एकीने कर्जाचा हप्ता भरला, मुद्दल १,००० आणि व्याज १००. कीर्दीत जमा बाजूला ३,१०० रुपये. यातली गटाची कमाई किती? फक्त १०० रुपये. बचत ही सदस्यांची ठेव आहे, गट ती त्यांना देणं लागतो, म्हणून ती देण्याच्या बाजूला जाते. मुद्दल हे आपलेच बाहेर गेलेले पैसे परत आले, त्याने येणं कमी झालं. व्याज तेवढं उत्पन्न. त्याच बैठकीत दुसरीला ५,००० कर्ज दिलं, तर कीर्दीत ते खर्चाच्या बाजूला दिसेल. पण तो खर्च नाहीच. रोकड कमी झाली आणि तिच्याकडचं येणं तेवढंच वाढलं. टॅलीत ही नोंद पेमेंट व्हाउचरमध्ये, एफ५ दाबून होते : सदस्याचं कर्ज खातं नावे, रोकड जमा. ते खातं उघडताना जर तुम्ही ते खर्चाच्या गटात टाकलंत, तर टॅली काही कुरकुर करणार नाही. बेरजा जुळतील, ताळेबंदही छापून येईल, आणि त्यात चांगला चाललेला गट त्या ५,००० रुपयांमुळे तोट्यात दिसेल. बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं धरून चालू नका. खातं कुठल्या गटात उघडलं हे मशीन तपासत नाही, ते तुम्हीच तपासायचं.

दुकानातही हेच. मालकाने गल्ल्यातून पोरीच्या फीसाठी ३,००० काढले, ते दुकानाच्या खर्चात नको, मालकाच्या उचलीत. बँकेचा हप्ता गेला, त्यातलं व्याज तेवढं खर्च, मुद्दल नाही. घाऊक व्यापाऱ्याकडून माल उधारीवर आला तर रोकड हलली नाही, तरी नोंद आजच व्हायला हवी. एवढं पक्कं झालं की कळा पाठ व्हायला आठवडा पुरतो : बँकेत भरणा किंवा बँकेतून काढणं एफ४, पैसे देणं एफ५, पैसे येणं एफ६, रोकड न हलता होणारी नोंद एफ७, विक्री एफ८, खरेदी एफ९.

सरावाला पैसे लागत नाहीत. टॅलीची शिकाऊ पद्धत, जिला एज्युकेशनल मोड म्हणतात, ती फुकट चालते. अट एकच, नोंद महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना करता येते. सरावाला तेवढं पुरे, गिऱ्हाइकाच्या कामाला मात्र चालणार नाही. क्लासच्या किंवा नातेवाइकाच्या संगणकावर आपल्याच गटाचे गेल्या तीन महिन्यांचे व्यवहार घाला. काम सुरू झालं की परवाना घ्यावा लागेल. कायमचा परवाना महाग आहे, पण तो महिन्याच्या भाड्यानेही मिळतो, सुरुवातीला तेच बरं. कोणी म्हणेल, "पाचशे रुपयांत टाकून देतो." ती चोरीची प्रत असते. जाणूनबुजून ती वापरली तर तुरुंगवास आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड कायद्यात आहे. शिवाय त्यातून लोकांचा हिशेब उडाला तर तोंड कुणाला दाखवायचं?

तारखांचं सांगते. दर महिन्याला विवरण भरणाऱ्या दुकानदाराचं विक्रीचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जायला हवं, आणि कर भरून जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत. तिमाही पद्धत घेतलेल्यांना आपल्याकडे तिमाही संपल्यावर अनुक्रमे १३ आणि २२. कंपोझिशनवाल्या छोट्या दुकानदाराला तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत कर भरावा लागतो. सरकार कधीकधी मुदत वाढवतं, पण त्या भरवशावर राहू नका. ३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, व्यवहारच नसेल तर २०. तिला कमाल मर्यादा आहे, पण थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं. ११ तारीख चुकली की दुखणं दुसऱ्यालाही होतं. तुमच्या दुकानदाराकडून माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला करातली वजावट मिळते ती तुम्ही भरलेल्या विवरणावरून. तुम्ही भरलं नाही तर त्या महिन्यात त्याची वजावट अडकते. तो तुमच्या दुकानदाराला दोन-तीनदा फोन करेल आणि मग माल दुसरीकडून घेईल. गिऱ्हाईक तुटलं त्याचं, शब्द लागला तुम्हाला.

म्हणून बिलांची वाट बघत घरी बसायचं नाही. दर सोमवारी पिशवी घेऊन दुकानात जायचं, आठवड्याची बिलं आणायची, जुनी परत करायची, आणि दिली-घेतल्याची सही एका छोट्या वहीत. महिनाअखेर सगळा गठ्ठा एकदम घेणारीचं काम दहा तारखेच्या रात्री बारा वाजता चालतं, आणि तेव्हाच नेमकी लाईट जाते.

आता काही गोष्टी ठाम लिहिते. करभरणीचे पैसे आपल्या हातात किंवा आपल्या खात्यात कधीही घ्यायचे नाहीत. चलन तुम्ही काढून द्या, पैसे मालकाच्या खात्यातून जाऊ दे. घरात अडचण असते, हात लागतो, आणि "उद्या भरते" म्हणता म्हणता वीस तारीख उलटते. जीएसटीच्या पोर्टलवर मोबाईल नंबर मालकाचाच असू दे, ओटीपी त्यानेच सांगायचा. "नुसतं बिल बनवून दे, माल नाही गेला तरी चालतंय" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, मग तो चुलत दीर का असेना. मालाशिवाय बिल हा गुन्हा आहे. आणि स्वतःला कर सल्लागार म्हणवून घेऊ नका. तुम्ही हिशेब लिहिता. ऑडिटवर सही सीए करतात, अडलेला प्रश्न त्यांनाच विचारायचा. तालुक्याच्या एखाद्या सीएकडे आधी ओळख करून ठेवा. नोंदी करून देणारी विश्वासू बाई त्यांनाही हवी असते, सुरुवातीचं काम तिथूनही मिळतं.

गुप्ततेचं तर काय सांगू. दुकानाची उधारीची यादी तुमच्यासमोर असणार. त्यात शेजारीण असेल, जाऊ असेल, सरपंचही असतील. ते आकडे नळावर किंवा बैठकीत एकदा जरी तोंडातून निघाले, तर त्या गावात दुसरं दुकान मिळणार नाही. नवऱ्यालाही सांगायचं नाही. घरात हे आधीच बोलून घ्या, नंतर भांडण नको.

पैशाचं गणित करू. आकडे समजा म्हणून धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला. पाच दुकानं, प्रत्येकी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे ५,०००. परवान्याचं भाडं, लॅपटॉपची झीज, नेट, वीज, कागद, येणं-जाणं मिळून खर्च २,५००. राहिले २,५००. एका दुकानाला महिन्याला १२ तास धरले तर पाचांचे ६० तास. तासाला सुमारे ४२ रुपये, आठ तासांच्या दिवसाला ३३३. म्हणजे खुरपणीच्या रोजाच्या आसपास! दहा दुकानं झाली आणि खर्च ३,००० वर गेला, तर ७,००० राहतात, तास १२०, दिवसाचे ४६७. बरं, पण शिकलेल्या कामाला हेही कमीच. चूक दरात आहे. दुकानामागे एकच दर लावला की पन्नास बिलांचा आणि चारशे बिलांचा माणूस सारखेच पैसे देतो. बिलांच्या संख्येवर दर ठरवा आणि तो कागदावर लिहून द्या. "ताई, तुम्ही तर गावातल्याच, तुमचं काय एवढं" हे ऐकायला लागेलच. तो गावातल्यांना खताची गोणी फुकट देतो का?

उद्योगाची नोंदणी उद्यम पोर्टलवर आधारवरून होते आणि तिला शुल्क नाही. एजंट पैसे मागेल, देऊ नका. तुमची स्वतःची कमाई वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत तुम्हाला जीएसटी नोंदणी लागत नाही.

मग कर्ज कधी? एका दुकानाचं काम सलग तीन महिने करा, हवं तर ग्रामसंघाच्या किंवा क्लासच्या संगणकावर, संस्थेला विचारून आणि भाडं देऊन. तीनही महिने ११ आणि २० तारीख साधली, मालकाने ठरलेले पैसे न मागता दिले आणि दुसरं दुकान स्वतःहून विचारत आलं, की गटात अर्ज टाका. अर्जासोबत तुमच्या गिऱ्हाइकांची संख्या, महिन्याची जमा आणि हप्ता कुठून जाणार हे एका कागदावर लिहा, दुकानांची नावं न घालता. वापरलेला चांगला लॅपटॉप चालतो, फक्त बॅटरी बघून घ्या. कर्जातच एक पेन ड्राइव्ह धरा. रोज काम संपलं की त्यावर बॅकअप घ्यायचा, आणि तो लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरात कपाटात ठेवायचा.